तळपायाचे हात

“सिस्टर, भाजलं हात. मग पायाला पट्टी कशापायी?”

आकाराम चौगुलेने हे विचारले तेव्हा मी त्याच्या खाटेशी बसून पेरूच्या फोडी करत होते. गुंगीचे औषध त्या सकाळी पहिल्यांदाच कमी केले होते. त्याचे दोन्ही हात मनगटापासून पुढे पारदर्शक पिशव्यांत होते, पिशव्यांत औषधी पाणी होते, आणि ते कोवळ्या उन्हाइतके उबदार राहील याची काळजी एक छोटे यंत्र घेत होते. पांघरूण सरकले आणि डाव्या तळपायावरची रुपयाएवढी पट्टी त्याला दिसली.

खोलीत त्याची बायको वैजयंता होती. तिने माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घातली. भाजलेल्यांच्या वॉर्डात माझी सदतीस वर्षे गेली. अशी मान खाली गेली की काहीतरी लपवलेले असते, एवढे मला कळते.

“वैजू, काय झालंय?”

“हातासाठी कातडं लागणार हुतं,” ती म्हणाली. “तुमचंच पायजे म्हणाले डॉक्टर. तळपायाचं घेतलंय जरासं. हरभऱ्याएवढं. तुमी शुद्धीवर नव्हतासा. सही मी केली.”

आकारामने पट्टीकडे पाहिले. मग म्हणाला, “म्हंजे माझ्या हाताला पायाचं कातडं?”

“व्हय.”

“मग मी गुळाला हात कसा लावू?”

आकाराम गुळव्या होता. गुळव्या म्हणजे गुऱ्हाळघरातला मुख्य माणूस. उसाचा रस मोठ्या काहिलीत उकळतो, आटत जातो, आणि तो नेमका केव्हा उतरवायचा हे गुळव्या सांगतो. थोडा आधी उतरवला तर गूळ बसत नाही, थोडा उशीर झाला तर करपतो. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या गावांत आता बहुतेक ठिकाणी हे काम उष्णतेचा काटा करतो. आकाराम मात्र हाताने करायचा. हात गार पाण्यात बुडवायचा, तसाच झटकन उकळत्या पाकात घालून चिमूटभर पाक उचलायचा, परत पाण्यात, आणि मग तळहातावर त्याची गोळी वळायची. गोळी कशी वळते त्यावरून तो निकाल द्यायचा. पंचवीस वर्षांत त्याचा निकाल चुकला नव्हता.

दहा दिवसांपूर्वी काहील उचलणाऱ्या यारीची साखळी निसटली. काहील समोरच्या मजुरांवर कलंडणार म्हणून आकारामने दोन्ही हातांनी तिचा काठ धरला, आणि पाक हातांवरून वाहिला. उकळते पाणी ओघळून जाते. पाक चिकटून बसतो.

आणि या माणसाच्या कामाची एक रीत होती. चुलवाणाच्या, म्हणजे काहिलीखालच्या मोठ्या चुलीच्या, दहा पावले अलीकडे चपला काढायच्या. पाक ओततात त्या वाफ्याला चुकूनही पाय लागू द्यायचा नाही. एकदा त्याच्या सख्ख्या मेहुण्याचा पाय वाफ्याच्या कडेला लागला, तर याने आख्खा गूळ गुरांना घातला आणि मेहुण्याशी वर्षभर बोलला नाही. हे मला वैजयंताने नंतर सांगितले. आधी सांगितले असते तरी आम्ही काय केले असते, कोण जाणे. त्याला दाखल केलेल्या केंद्राच्या फॉर्मवर शंभर प्रश्न होते. साखर आहे का, दमा आहे का, कसली ॲलर्जी आहे का. पायाला तुमच्या हातावर जागा आहे का, हा प्रश्न कुणाला सुचला नव्हता.

*

मी निवृत्त होऊन अठरा वर्षे झाली. तरी आठवड्यातून दोनदा कोल्हापूरच्या या नव्या केंद्रात जाते, रुग्णांशी बोलायला. डॉक्टर रेहाना मुजावर म्हणतात, “शेजवळ सिस्टर, आमच्या यंत्रांना सगळं येतं. फक्त पेरू कापून देत गप्पा मारता येत नाहीत.”

खरे सांगायचे तर मी तिथे जाते ती खिडकीसाठी. प्रयोगशाळेला एक लांब काच आहे, आणि काचेपलीकडे कातडी वाढते.

मी नोकरीला लागले एकोणीसशे शहाऐंशी साली. तेव्हा स्टोव्हचे भडके उडत. वॉर्डात बायकाच बायका. अंगाला कापड लागू नये म्हणून खाटेवर लोखंडी कमानी ठेवून त्यावर चादर घालायचो. सकाळी ड्रेसिंग बदलायची वेळ झाली की मी बाथरूममध्ये जाऊन आधी दोन मिनिटे उभी राहायची, कारण चिकटलेली पट्टी सलाइनने कितीही भिजवली तरी ती सोडवताना जे ऐकावे लागे ते ऐकायला तयारी लागे. मग कुणीतरी उकळलेल्या केळीच्या पानाची पट्टी आणली. ती चिकटत नसे. आम्ही मुली पहाटे पाने पुसायला बसायचो, आणि त्या आठवड्यात वॉर्ड पहिल्यांदा शांत होता. त्या पानांनासुद्धा मी मनोमन नमस्कार केला होता. मग या काचेपुढे उभी राहिले की मला काय होत असेल!

हरभऱ्याएवढा तुकडा घेतात. त्यातल्या पेशी सुट्या करतात. उबदार, खारट, पौष्टिक पाण्यात त्या वाढतात, एकीच्या दोन, दोनाच्या चार. मग एक यंत्र, रांगोळी घालणाऱ्या बोटांसारखे, त्या पेशी थराथराने पसरत जाते: तळाशी लवचिक धाग्यांची जाळी, त्यात केसाहून बारीक रक्तवाहिन्या, घामाच्या ग्रंथी, वर पापुद्रा. आठव्या दिवशी वहीच्या पानाएवढी कातडी तयार होते. जिवंत असते ती. मंद दिव्याखाली गुलाबी दिसते. जखमेवर ठेवली की शरीर तिला परकी मानत नाही, कारण ती परकी नसतेच. खालच्या नसा हळूहळू तिच्यात शिरतात, वेलीने मांडव धरावा तशा. पूर्वीच्या कलमी कातडीला स्पर्श कळत नसे, घाम येत नसे. हिला येतो.

आकारामचे दोन तळहात तयार होते. त्यांच्यावर बारीक रेघासुद्धा उमटल्या होत्या. आता फक्त तीन दिवस ते त्या पाण्यात टिकणार होते.

*

“मांडीचं घ्या,” आकाराम म्हणाला. “दंडाचं घ्या. पाठीचं घ्या. पायाचं नको.”

डॉक्टर रेहाना खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसल्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या. आवाज कधी चढत नाही.

“आधी माफी मागते,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला विचारायला हवं होतं. पण तुकडा पहिल्याच दिवशी घ्यावा लागतो, आणि तुम्ही बेशुद्ध होता. आता कारण ऐका. कातडीला स्वतःचा पत्ता माहीत असतो.”

“पत्ता?”

“आईच्या पोटात असतानाच प्रत्येक पेशीत लिहिलं जातं, तू कुठली. मांडीची पेशी हातावर नेऊन लावली तरी ती म्हणते, मी मांडीची. ती मांडीचीच कातडी वाढवते. पातळ, मऊ, केस असलेली. शरीरावर फक्त दोन जागा वेगळ्या आहेत, तळहात आणि तळपाय. तिथं केस नाहीत, कातडी जाड, पकड घट्ट, आणि स्पर्श ओळखणारी टोकं दाटीवाटीनं बसलेली. तुमच्या तळहातांवर एक चांगली पेशी उरली असती तर मी पायाकडं बघितलंही नसतं. उरली नाही.”

“मांडीचं लावलं तर हात चालंल का न्हाई?”

“चालेल. भाकरी मोडाल, बटणं लावाल. गोळी वळता येणार नाही.”

मी त्याला विमलची गोष्ट सांगितली. एक्याण्णव साली तिच्या तळहातावर आम्ही मांडीची जाड कातडी लावली होती, आणि शस्त्रक्रिया छान झाली म्हणून डॉक्टरांनी पेढे वाटले होते. सहा वर्षांनी ती मला भाजी मंडईत भेटली. मूठ उघडून दाखवली. तळहातावर केस उगवले होते. दर महिन्याला ब्लेडने काढायची. लग्नकार्यात हळदीकुंकवाला मूठ मिटूनच जायची.

“काढीन की केस,” आकाराम म्हणाला. “दाढी करतूयच, त्यात हात बी करीन.”

तो हसला नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी होते, आणि पुसायला हात नव्हते. वैजयंता पदर घेऊन पुढे झाली, तर त्याने तोंड फिरवले.

बाहेर व्हरांड्यात तिने माझा दंड धरला. “सिस्टर, मी चुकले का वो? गुऱ्हाळाबिगर ह्यो माणूस मरंल. म्हणून सही केली.”

“नाही चुकलीस.”

“उद्या आत्याबाई येणार हायत, ह्यांची आई. त्यास्नी काय सांगू नका. सोवळंओवळं लई त्यांचं. त्यांनी नको म्हटलं तर संपलंच.”

*

आकारामची आई बायाक्का आली ती स्वयंपाकघरातून उठून आल्यासारखी, हाताला पीठ. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, पण चाल ताठ. मी काही सांगण्याआधीच आकारामने सगळे सांगून टाकले. आईने आपली बाजू घ्यावी म्हणूनच सांगितले असावे.

म्हातारीने ऐकले. मग डॉक्टर रेहानांना विचारले, “बाई, ते कातडं हातावर बसल्यावर हाताचं हुतंय, का पायाचंच ऱ्हातंय?”

वैजयंताने डोळे मिटले. मला वाटले, डॉक्टर आता थोडे गोड बोलतील. “हाताचंच होतं” एवढे म्हटले असते तर काम झाले असते.

“पायाचंच राहतं, आजी,” रेहाना म्हणाल्या. “खोटं सांगणार नाही. त्याची आठवण पायाचीच असते. पण त्यात नसा हाताच्या शिरतात. काम ते हाताचं शिकतं.”

“बघितलंस, आये?” आकाराम म्हणाला. “आता तूच सांग ह्यास्नी.”

बायाक्का खाटेच्या पायथ्याशी गेली. बसली. पांघरूण बाजूला केले आणि मुलाचा डावा पाय उचलून सरळ मांडीवर घेतला. पट्टीच्या बाजूने ती अंगठ्याने हळूहळू दाबू लागली, लहान बाळाची टाळू दाबतात तसे.

आकाराम खाटेवर उसळला. “आये! सोड! पायाला हात लावू नगंस, पाप लागंल मला!”

“गप पड.”

“आये, सोड म्हणतो ना!”

“आठव्या म्हयन्यात ह्याच पायानं लाथा घातल्यास मला,” बायाक्का म्हणाली. “हितं, बरगडीखाली. डावीकडनंच. भाकऱ्या थापताना कळ याची, तर परातीवर वाकून बसायची मी. तवा कुठं गेलतं तुझं पाप?”

तिने पाय सोडला नाही.

“माझ्या पोटाला चालला ह्यो पाय. आन तुझ्या गुळाला चालंना व्हय? एवढा मोठा कदीधरनं झाला तुझा गूळ?”

मी तोंडाला पदर लावला. हसू येत होते की रडू, मलाच कळेना. डॉक्टर रेहाना खिडकीबाहेर बघत राहिल्या. आकाराम कितीतरी वेळ छताकडे पाहत होता. मग कुणाकडेही न बघता म्हणाला, “लावा.”

*

दुसऱ्या दिवशी तळहात लावले. पाच आठवडे ते नुसते पडून होते. सहाव्या आठवड्यात उजव्या करंगळीखाली त्याला पहिल्यांदा मुंगी चालल्यासारखे वाटले, आणि आख्ख्या मजल्याने ते ऐकले, एवढ्या मोठ्याने तो ओरडला.

मग हातांची शाळा सुरू झाली. नव्या कातडीला स्पर्श शिकवावा लागतो, नाहीतर मेंदू तिच्याकडे लक्ष देत नाही. डोळ्यांवर रुमाल बांधून वाटीत हात घालायचा आणि ओळखायचे. पहिले दोन आठवडे तांदूळ आणि वाळू त्याला सारखेच वाटले. पंधराव्या दिवशी त्याने ज्वारी ओळखली. मग मूग. मग मोहरी.

वाट्या धरायला वैजयंता बसायची. तोवर तो तिच्याशी कामापुरतेच बोलत होता. एक दिवस मी दारात होते. त्याने रुमाल न काढताच हात पुढे केला आणि तिच्या गालावर ठेवला.

“हे काय हाय, वळखा बघू?” ती म्हणाली.

“रागावशील. पायानं गालाला हात लावला म्हणून.”

“लावा की. इतकी वर्सं हातानं तरी कुठं लावलासा?”

मी आल्या पावली परत गेले.

*

दिवाळी झाली, ऊस तयार झाला, आणि सर्जेराव मगदूमांच्या गुऱ्हाळघरात चुलवाण पेटले. मला न्यायला वैजयंता स्वतः आली. मी दहा पावले अलीकडे चपला काढल्या. आत रसाचा हिरवट गोड वास, चुलीचा धगाटा, पांढऱ्या वाफेत हलणारी माणसे. बायाक्का भिंतीशी पोत्यावर बसली होती.

वैजयंताचे म्हणणे होते, कुणाला काही सांगू नका. हात बरे झाले, एवढेच. डोळ्यांना तर काही फरक दिसत नव्हता, थोडे गुलाबी, इतकेच. पण रस काहिलीत पडण्याआधी आकाराम सगळ्यांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, “हे माझं हात तळपायाच्या कातड्याचं हायत. ज्यास्नी चालंना त्यांनी आत्ताच सांगा.”

रसावरची मळी काढणारा एक म्हातारा मजूर झारा खाली ठेवून निघून गेला. त्याच्यामागून आणखी एक.

“कशाला सांगत बसलास?” मगदूम वैतागले. “गुळावर काय लिहून येतंय का, कुणाचा हात लागला?”

“लिहून येत न्हाई, म्हणूनच सांगाय लागतंय, मालक.”

मगदूमांनी खांदे उडवले. ऊस त्यांचा होता, आणि काट्यावर त्यांचाही फार विश्वास नव्हता.

पहिली काहील बिघडली. आकारामने पाण्यात हात बुडवला, पाकात घातला, गोळी वळली आणि मान हलवली: अजून नाही. पुन्हा वळली. अजून नाही. तिसऱ्यांदा हो म्हणाला तोवर उशीर झाला होता. वाफ्यात ओतलेला पाक तांबूस काळा पडला, करपट वास सुटला.

“पायानं पाक बघितल्यावर असंच हुणार,” मगदूम म्हणाले. हळूच म्हणाले, पण सगळ्यांनी ऐकले.

आकाराम मात्र वाफ्याच्या कडेला उकिडवा बसून आपल्या उजव्या तळहाताकडे बघत होता. मी जवळ गेले.

“दुखतंय का?”

“न्हाई, सिस्टर. तीच तर गोम हाय. जुना हात पाक लागला की लगेच बोलायचा. ह्यो जाड हाय. ह्येला ऊन कळाय येळ लागतोय. मी घाई केली आन मलाच वाटलं, पाक कच्चा हाय.” तो उठला. “ह्येला जरा दम द्याय पायजे.”

दुसऱ्या काहिलीला दोन तास लागले. मगदूम काट्यापाशी जाऊन उभे राहिले. आकारामने गोळी वळली, आणि टाकली नाही. मूठ मिटली. डोळे मिटले. ओठ हलताना दिसत होते, तो आकडे मोजत होता. आठ, नऊ, दहा. मूठ उघडली, अंगठ्याने गोळी एकदा दाबली.

“उतरवा!”

“काटा अजून दोन अंश मागं हाय,” मगदूम म्हणाले.

“उतरवा म्हणतो ना!”

यारी फिरली. पाक वाफ्यात पसरला, सोनेरी, संथ. फावड्याने हलवता हलवता त्याला दाणा धरू लागला. थोड्या वेळाने मगदूम वाकले, बोटाने कडेचा गूळ दाबून पाहिला, आणि काट्याची वायर काढून गुंडाळू लागले.

पहिला खडा आकारामने देवासमोर ठेवला. दुसरा आईला दिला, आणि तिने तो नेहमीसारखा पदराला पुसून खाल्ला. मग तो माझ्याकडे आला. ओल्या हाताने गुळाचा गरम तुकडा मोडला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

मी तो तोंडाशी नेला आणि थांबले.

एक श्वास, जास्त नाही. मला ते कातडे कसे वाढले तो दिवस न् दिवस माहीत होता. काचेपुढे उभी राहून मी त्याचे कौतुक केले होते, माणसाने किती मजल मारली म्हणून डोळे पुसले होते. विमलची गोष्ट सांगून आकारामला समजावणारी मीच. आणि माझाच हात ओठांपासून चार बोटांवर अडला होता.

आकारामने ते पाहिले.

“सिस्टर,” तो म्हणाला, “तुमी बी?”

वैजयंता बघत होती. मगदूम बघत होते. खोटे बोलायला जागा नव्हती.

“हो रे,” मी म्हणाले. “मी पण.”

तो रागावला नाही. नुसता उभा राहिला, हात पुढे धरून, जणू मला वेळ लागणार हे त्याला ठाऊकच होते. मी खडा तोंडात टाकला. तो गरम होता, खुसखुशीत, आणि विरघळत गेला तसा उसाचा ताजा वास नाकात भरला.

“कसा झालाय?”

त्याने दुसरा तुकडा मोडला. मी हात पसरला नाही. चेहरा पुढे केला आणि तोंड उघडले.

“हातात नको,” मी म्हणाले. “भरव.”